लोखंडातली चिमूटभर भेसळ

आम्ही जालनेकर भंगार वितळवून सळया करणारे. चिमूटभर मँगनीजने पोलादाचा स्वभाव पालटतो, हे आम्हांस ठाऊक. परंतु अतिसंवाहकतेचे, म्हणजे विजेच्या विनारोध वाहण्याचे, लोखंडाशी वैर, कारण त्याचे चुंबकत्व. अशीच समजूत होती. २००८ साली जपानात होसोनो यांच्या गटाने लोह-आर्सेनिकाच्या एका संयुगात थोड्या ऑक्सिजनाऐवजी फ्लोरीन घातला. अणूंची चुंबकी शिस्त मोडली आणि सुमारे उणे २४७ अंशांस अतिसंवाहकता आली! त्याच वर्षी जर्मनीत दुसऱ्या अशाच संयुगात काही बेरियमाच्या जागी पोटॅशियम घातले. मर्यादा उणे २३५ वर चढली. भेसळ मात्र बेताचीच हवी. अति झाली की गुण ओसरतो. रोज हाताळलेले लोखंडही आम्ही पुरते ओळखले नव्हते, हेच खरे.