पावती म्हणजे हिशेब नव्हे

(देणगीदारांच्या वार्षिक मेळाव्यात संस्थेच्या खजिनदारांनी केलेले भाषण)



सकाळपासून तुम्ही वसतिगृहातल्या मुलींची गीतं ऐकलीत, दवाखान्याचं कामही ऐकलंत. आता खजिनदार उभा राहिला म्हणजे जेवणाला उशीर, हे मला ठाऊक आहे. आकड्यांचा कागद प्रत्येक खुर्चीवर ठेवला आहे, तो मी वाचून दाखवत नाही. त्याऐवजी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. कमिटीची परवानगी घेतली आहे, आणि ज्यांच्याबाबत ती घडली त्या बाईंचीही.

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त परिचारिकेने पतीच्या स्मरणार्थ २५,००० रुपये पाठवले. सोबतच्या चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं, मुलींसाठी न्हाणीघर बांधा. तेव्हा मुली पहाटे अंधारात ओढ्यावर अंघोळीला जात. पैसे मार्चमध्ये आले. जूनच्या पहिल्याच वादळात स्वयंपाकघराचे पत्रे उडाले. शाळा सुरू व्हायला आठ दिवस, आणि चुलीवर उघडं आभाळ. बँकेत दुसरे पैसे नव्हते. मी ते २५,००० पत्र्यांना लावले.

तेवढ्यावर थांबलो असतो तर आज सांगण्यासारखं फारसं नव्हतं. पण सप्टेंबरात आभाराची पत्रं निघाली. छापील मजकूर होता की आपल्या इच्छेप्रमाणे देणगीचा विनियोग झाला आहे. एका बैठकीत मी शंभरेक पत्रांवर सह्या केल्या. त्यांत त्यांचंही पत्र होतं.

दोन वर्षांनी त्या न कळवता आल्या. धडगावपर्यंत एसटी, पुढे जीप, आणि हातात ते पत्र. "भाऊ, ह्यांच्या नावाचं न्हाणीघर कुठं आहे?" खरं सांगतो, आधी मला रागच आला. आम्ही इथं डोंगरात राबतो, आणि ह्या जाब विचारायला आल्या! मग त्यांना स्वयंपाकघरात नेऊन पत्रे दाखवले. बराच वेळ त्या वर बघत राहिल्या. म्हणाल्या, "एक फोन केला असता, तर मीच म्हटलं असतं, आधी पत्रे टाका. पण तुम्ही मला लिहिलं ते खोटं होतं ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बंधुभगिनींनो, कागदोपत्री सगळं चोख होतं. पावतीला नंबर होता. पत्र्यांचं बिल फाइलीत होतं. हिशेब तपासून अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात वेळेवर गेला होता, १९५० च्या कायद्याप्रमाणे दरवर्षी जातो तसाच. ऑडिटरला चूक दिसली नाही, कारण बाईंची चिठ्ठी त्यांच्यापुढे आलीच नव्हती. ती माझ्या टेबलाच्या खणात होती. पैसे आले एवढंच पावती सांगते. पुढचं आम्ही सांगायचं असतं, आणि तिथेच मी चुकीचं सांगितलं.

न्हाणीघर बांधायला त्यानंतर चौदा महिने लागले. दर तीन महिन्यांनी आम्ही बाईंना लिहीत होतो, काही झालं नसलं तरी. एका पत्रात फक्त वाळू अजून आली नाही एवढंच होतं. आता कोणी विशिष्ट कामासाठी पैसे दिले की ते काम पावतीवर लिहितो, खातेवहीत त्याला वेगळं पान असतं, आणि चिठ्ठी ऑडिटरच्या फाइलीत जाते. पैसे दुसरीकडे वळवायची वेळ आली, तर आधी विचारतो. मागच्या वर्षी एका मंडळीने चक्क नाही म्हटलं. सौरदिव्यांचे पैसे आम्हाला औषधांसाठी हवे होते. वाईट वाटलं, पण दिवेच घेतले. औषधांसाठी वेगळी झोळी फिरवली.

यरुशलेमेतल्या गरजवंतांसाठी वर्गणी गोळा झाली तेव्हा पौलाने ती एकट्याच्या हाती ठेवली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कोणाला बोट ठेवायला जागा नको म्हणून. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय घरी जाऊन वाचा. प्रेषिताला जे गरजेचं वाटलं, ते मला का वाटू नये?

तुमच्यापैकी काहीजण म्हणतात, पत्रकावर छापा की प्रत्येक रुपया मुलांपर्यंत पोचतो. ते मी छापणार नाही. स्वयंपाकीणबाईंना पगार लागतो, जीपला डिझेल लागतं, ऑडिटरची फी असते. परदेशी देणगीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. ती आम्ही पाळतो. पण अडलेल्या बाळंतिणीला रात्री घाटातून दवाखान्यात नेणाऱ्या ड्रायव्हरचा पगार वायफळ खर्च आहे, असं मला कोणी पटवून देऊ नये.

आणखी एक. दोन वर्षांपासून हा हिशेब आम्ही पाड्यावरही वाचतो. आमचीच एक माजी विद्यार्थिनी तो पावरीत सांगते. पैसे त्यांच्या नावाने मागायचे आणि त्यांनाच आकडा ठाऊक नाही, हे बरं नव्हतं. पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "आमच्या पोरीच्या फोटोवर किती पैसे आले?" फाटक्या फ्रॉकमधली त्यांची नात आमच्या पत्रकावर होती. तिच्या घरच्यांना कोणी विचारलं नव्हतं. ते पत्रक आम्ही बंद केलं. या वर्षीच्या पत्रकावर फक्त इमारत दिसते. देणग्या थोड्या घटल्या आहेत, तोही आकडा तुमच्या कागदावर आहे.

आता दोन कामाच्या गोष्टी. २,००० रुपयांच्या वर रोख देऊ नका, त्यावर आयकराची सवलत मिळत नाही. आणि पॅन नंबर बरोबर लिहा. देणगीदारांची यादी आम्हाला ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरावी लागते. एक अक्षर चुकलं तरी तुमची सवलत अडकते.

ताळेबंद, बँकेची पासबुकं आणि खातेवही मागच्या टेबलावर ठेवली आहेत. त्या बाई आज आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. सकाळीच त्यांनी वही चाळली आणि विचारलं, यंदा डिझेल इतकं जास्त का? जीपचं लॉगबुक आणायला माणूस पाठवला आहे. जेवणानंतर त्यांच्यासोबत बसणार आहे, ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं.