घरातले जुने मशीन



पुष्कळ घरांत आजीच्या वेळचे शिवणाचे मशीन धूळ खात असते. एक दिवस ते मोडीत जाते. आम्ही म्हणतो, तसे करू नका. शाळा उघडली की पोरांच्या कपड्यांना पैसा लागतो. तो हे मशीन वाचवील.

अमेरिकेत सिंगरचे मशीन १८५१ साली निघाले. आजही तऱ्हा तीच. एक दोरा वरून, एक खालून; दोन्हींची गुंफण कापडात पडते.

आधी दात्यांतली धूळ काढा. मशीनचेच तेल द्या. गोडे तेल नको, ते चिकटते. बोथट सुई बदला. कापडाखाली दोऱ्याची वेटोळी आली, तर वरचा दोरा पुन्हा ओवा.

आता कापड. जुने लुगडे मध्ये विरते, कडेला धड राहते. त्या धड भागाचे झबले शिवा. तान्ह्याला बटण नको, ते तोंडात जाते. आखूड बंद लावा. मुलीच्या परकराला खाली चार बोटे दुमड ठेवा. पोर वाढली की उसवून खाली सोडा. एकच परकर जास्त दिवस पुरेल.

हातमशीन असेल तर जाणत्या मुलाला दांडा फिरवू द्या. आपले दोन्ही हात मोकळे राहतात, आणि पोरही शिवण शिकते.

चला तर, आजच मशीन पुसायला घेऊ.