शिजवणारीचं ताट

(महिला शिबिराच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



मी कोबीच्या भाजीवर बोलणार म्हटल्यावर दोघीतिघी हसल्या. सकाळभर पोटगी आणि मारहाणीवर बोललो आणि आता कोबी! पण काल रात्री गटचर्चेत एक प्रश्न निघाला होता. टाकलेल्या, घर सोडलेल्या, विधवा झालेल्या बायका एकट्या असताना जेवतात काय? एक म्हणाली, "चहा-चपाती." दुसरी म्हणाली, "पोरं असली तर भाजी करते. पोरं मामाकडे गेली की भात टाकते आणि लोणच्याबरोबर खाते." मग चारी बाजूंनी एकच वाक्य ऐकू आलं, "एकटीसाठी कशाला?" ते मला रात्रभर छळत होतं.

कोबी घेतला कारण तो परवडतो. थंडीत तर बाजारात ढीग लागतात. (कधीकधी भाव इतका पडतो की शेतकरी उभ्या पिकात नांगर घालतो, तेव्हा त्या वावरात खुरपायला गेलेल्या बाईची मजुरीही जाते. त्यावर वेगळं सत्र घ्यायला हवं.) शिवाय तो टिकतो. मेथी दुसऱ्या दिवशी मान टाकते, कोबीचा गड्डा मात्र वरची पानं न काढता, न धुता गार जागी ठेवला तर चांगला राहतो. लागेल तेवढा कापायचा, उरलेला कागदात गुंडाळून ठेवायचा. कापलेली कड सुकली तर तेवढी छाटून टाकायची. एकट्या बाईला एक गड्डा चार दिवस पुरतो, आणि चारी दिवस वेगळं खाता येतं.

माझी भाजी अशी. मूठभर हरभऱ्याची डाळ दोन तास भिजत घालायची. तेल तापलं की मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, कढीपत्ता असला तर तोही. आधी डाळ परतायची, थोडी वाफ द्यायची आणि मग बारीक चिरलेला पाव गड्डा कोबी घालायचा. पाणी घालायचं नाही. झाकणीवर पाणी ठेवायचं, त्या वाफेवर तो शिजतो. मीठ शेवटी, कारण कोबी आळून निम्मा होतो आणि आधी अंदाजाने घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. डाळ बोटाने दाबली की मोडली पाहिजे, कोबी मात्र दाताखाली लागला पाहिजे. कोबीचा वास आवडत नाही म्हणणाऱ्यांनी बहुधा फार शिजवलेला कोबी खाल्लेला असतो. त्यात गंधक असतं, जास्त वेळ शिजवला की ते वास मारतं. वरून ओलं खोबरं, नसलं तरी अडत नाही. गरम भाकरीबरोबर ही भाजी खाताना माझ्या जिवाला जी स्वस्थता मिळते, ती मला पंचपक्वान्नांत मिळालेली नाही.

दुसऱ्या दिवशी पचडी: कच्चा कोबी, लिंबू, दाण्याचं कूट, वरून मिरचीची फोडणी. इथे जरा थांबते. 2019 ते 21 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या दर 100 बायकांमागे 57 जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. कोबीत लोह फारसं नाही, उगाच त्याचे गोडवे गाणार नाही. पण कच्च्या कोबीत आणि लिंबात क जीवनसत्त्व असतं. डाळीतलं, बाजरीतलं लोह अंगी लागायला ते मदत करतं. जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमकं उलटं करतो. म्हणजे चहा-चपाती हे आपल्या जेवणांतलं सगळ्यात वाईट जेवण. तिसऱ्या दिवशी भाजणीत कोबी किसून थालीपीठ, चौथ्या दिवशी उरलासुरला घालून मसालेभात. संपला गड्डा.

आता तुमच्यातली कुणी म्हणेल, ही आम्हाला पुन्हा चुलीकडेच ढकलते आहे. रास्त शंका आहे. "घरचं जेवण", "आईच्या हातची चव" म्हणून जे गोडवे गातात त्यांना त्या हाताचे तास दिसत नाहीत. 2024 च्या सरकारी वेळवापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी 289 मिनिटं ते बिनमोबदला करतात असं निघालं. पुरुषांत मुळात घरकाम करणारे थोडे, आणि जे करतात त्यांची मिनिटं 88. इतकं करून गरम भाजी दुसऱ्यांच्या ताटात जाते आणि हिच्या वाट्याला कढईचा तळ.

याच कामाला गिरणगावात मात्र पैसे पडत होते. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार खानावळवाल्या बायांकडे जेवत. त्या बाया पहाटेपासून राबत, संप झाला की उधारीवर जेवू घालत आणि सावकाराचं व्याज भरत. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून त्यांना एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बँकेच्या कागदावर स्वयंपाक हे काम म्हणून चढलं. तीच भाजी घरी केली की तिची नोंद कुठेच नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सगळ्यांसाठी शिजवण्याच्या सक्तीशी भांडताना आपण स्वतःसाठी शिजवणंही टाकून देऊ नये. ज्या घरात दुसऱ्यांचं करता करता जीव गेला, तिथून बाहेर पडल्यावर पहिली भाजी आपल्या आवडीच्या तिखटाची व्हावी. अशा एका बाईला मी विचारलं होतं, तुम्हाला कोबी कसा आवडतो? तिला सांगता येईना. सासऱ्यांना मऊ लागायचा, नवऱ्याला रस्सा लागायचा, एवढं तिला नक्की ठाऊक होतं. मग तिने तीन दिवस तीन तऱ्हांनी करून पाहिला. तिला मिरपूड घातलेला, जरा करपलेला आवडतो! हे सांगताना ती लाजत होती.

आणि हो, आपल्या शिबिराचंही बोलायला हवं. सकाळी कायद्याचं सत्र चाललं होतं तेव्हा भटारखान्यात चार जणी पन्नास माणसांचा कोबी चिरत होत्या. त्यांतल्या दोघींच्या पोटगीच्या केसेस चालू आहेत. सत्र त्यांच्यासाठीच होतं, आणि त्यांना भिंतीपलीकडून नुसता आवाज येत होता. संयोजक मैत्रिणींशी मी बोलले आहे. उद्या चिरण्याचं काम इथे, सत्रातच होईल. सतरंज्यांच्या कडेला परड्या ठेवू, विळ्या सहाच आहेत, तेव्हा आळीपाळीने बसायचं. वकीलबाईंनी चिरता चिरता बोलायची तयारी दाखवली आहे. त्या चौघी पुढच्या रांगेत बसतील आणि पहिल्या पंगतीला जेवतील. वाढायला कोण येतंय, हात वर करा. नावं लिहून घेते.