एक पक्षी की दोन?



साहित्याच्या विद्यार्थ्याला आल्बट्रॉस भेटतो तो कोलरिजच्या १७९८ सालच्या काव्यात, आणि बहुधा तेथेच ही ओळख संपते. आज मी त्या पक्ष्याच्या दोन जिवंत शाखांविषयी बोलणार आहे; कारण 'एक की दोन' हा प्रश्न बोली आणि भाषा यांच्या सीमेवर जन्म काढलेल्या आम्हां मंडळींच्या चांगल्या परिचयाचा आहे.

न्यूझीलंडच्या बेटांवर वीण करणारा रॉयल आल्बट्रॉस दोन प्रकारचा. पंखांचा विस्तार तीन मीटरांच्या घरात, आणि वीण साधली तर दोन वर्षांतून एकच अंडे. दक्षिणी रॉयलचे वर्णन लेसन यांनी १८२५ साली केले. उत्तरी रॉयल मर्फी यांनी १९१७ साली वेगळा काढला. चोचीच्या कडेची काळी रेघ दोघांनाही आहे. भेद दिसतो तो पंखांच्या वरच्या अंगाला. उत्तरी पक्ष्याचे पंख जन्मभर काळे राहतात. दक्षिणीचे वयाबरोबर पुढल्या कडेपासून पांढरे होत जातात, माणसाचे केस कानशिलापासून पिकावेत तसे. मात्र कोवळ्या दक्षिणी पक्ष्याचे पंखही बहुतांशी काळेच असल्याने जहाजावरून पाहणारा सहज फसतो. शिवाय दोघांच्या मिश्र जोड्या जमल्याच्याही नोंदी आहेत. म्हणूनच १९९८ पासून पुष्कळ अभ्यासक या दोन जाती मानत आले, तरी त्यांना उपजाती म्हणणारेही आहेतच.

हा नुसता शब्दांचा खेळ असता, तर मी आपला वेळ घेतला नसता. दक्षिणीची जवळजवळ सारी वीण कॅम्पबेल बेटावर होते. तेथील मेंढपाळी १९३१ साली थांबली आणि २००१ साली उंदरांचेही निर्मूलन झाले. उत्तरीचा संसार मात्र चॅथम समूहातल्या मोजक्या चिमुकल्या बेटांवर. १९८५ सालच्या वादळाने त्या बेटांवरची माती आणि झाडोरा ओरबाडून नेला. घरट्याला साहित्य उरले नाही, उघड्या खडकावर घातलेली अंडी फुटू लागली, आणि पुढे कित्येक वर्षे पिले फार थोडी जगली. दोघांना एकच समजून शिरगणती केली, तर कॅम्पबेलच्या मोठ्या आकड्यात चॅथमची ही हानी दिसणारही नाही. आज उत्तरीची नोंद 'संकटग्रस्त' अशी होते, दक्षिणीची 'असुरक्षित' अशी.

उत्तरीची एक लहानशी वस्ती ड्युनेडिनजवळ तायरोआ हेड येथे, मुख्य भूमीवर आहे. पूर्वी तेथील अंडी माणसेच पळवीत. शाळांतून शेतीविषय शिकविणारे लान्स रिचडेल यांनी तेथे जातीने पहारा केला, आणि १९३८ साली पहिले पिलू सुखरूप उडाले. त्याच काळात, १९३७ साली, पायात कडे घातलेली एक मादी १९८९पर्यंत तेथे येत होती. तिला सारे 'ग्रँडमा' म्हणत.