करंजाडे ते दुबई : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

मुंबई आणि दुबई या दोन शहरांच्या विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे १,९२७ किलोमीटर आहे. हे अंतर बृहद्‌वृत्तावर, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाच्या कमानीवर मोजतात, कारण गोलावरील दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग त्याच कमानीवरून जातो. वैमानिक हेच अंतर सुमारे १,०४० सागरी मैल असे सांगतो; अक्षांशाच्या एका मिनिटाएवढी लांबी म्हणजे एक सागरी मैल आणि तो १,८५२ मीटरांचा धरतात.

अंतर जाता-येता सारखेच असले, तरी वेळ सारखा लागत नाही, आणि तिकीट तर याबाबत उलटाच समज करून देते. सकाळी १० वाजता मुंबईहून सुटलेले विमान दुबईला पावणेबाराला पोहोचते असे तिकिटावर असेल आणि परतीचे विमान दुपारी २ ला निघून सायंकाळी ६ वाजून २० मिनिटांनी उतरते असे असेल, तर जाणे पावणेदोन तासांचे आणि येणे सव्वाचार तासांहून अधिक वाटते. तिकिटावरील वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि दुबईचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे असते, हे ध्यानात घेऊन हिशेब केला, तर जाण्यास सव्वातीन तास आणि येण्यास दोन तास पन्नास मिनिटे लागतात. म्हणजे लांबलेले वाटते तेच येणे खरे तर लवकरचे असते. हिवाळ्यात उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे, ज्यांना जेट प्रवाह म्हणतात, येणाऱ्या विमानाला मागून रेटतात आणि जाणाऱ्याला अडवतात. पावसाळ्यात या वाऱ्यांचा पट्टा उत्तरेकडे सरकत असल्याने फरक तितका राहत नाही. शिवाय विमान कंपन्या धरतात तो काळ केवळ उड्डाणाचा नसून, विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो.

पनवेलजवळच्या करंजाड्याच्या रहिवाशाला मात्र हा सारा हिशेब दुय्यम वाटला, तर नवल नाही. मुंबईचा सहार येथील विमानतळ गाठायचा, तर कळंबोलीवरून शीव-पनवेल महामार्गाने वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर असे चाळीसेक किलोमीटर जावे लागते, आणि परदेशी उड्डाणासाठी तीन तास आधी हजर राहायचे म्हणून त्याही आधी निघावे लागते, त्यामुळे घर ते विमान एवढाच काळ पुष्कळदा उड्डाणाहून मोठा होतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन होऊन त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रवासी वाहतूक सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ करंजाड्यापासून अवघ्या काही किलोमीटरांवर आहे. तेथून दुबईचे हवाई अंतर सुमारे १,९५० किलोमीटर भरते, म्हणजे तेवीसेक किलोमीटर जास्तच; पण ताशी साडेआठशे किलोमीटर वेगाच्या विमानाला ते दीड मिनिटाचे काम, तर वाशीच्या पुलावर गर्दीच्या वेळी तेवढ्यात गाडी जेमतेम पुढे सरकते.

या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर यांच्यासह दहा गावठाणे हलवण्यात आली. विस्थापितांपैकी काही कुटुंबांना वडघर-करंजाडे परिसरात भूखंड मिळाले, त्यामुळे ज्यांच्या जुन्या गावांच्या जागी आज विमानतळ आहे, अशांपैकी काहींना तेथे पोहोचण्यास आता रिक्षाचे काही मिनिटांचे अंतर पुरते.