सीटखालचं इंजिन



पौषातली पहाट, अंगारकी चतुर्थी, आणि राजूरच्या गणपतीला निघालेली पांढरी मारुती व्हॅन. आम्ही घरचे नऊ जण. मी लहान, म्हणून पुढं दोघांच्या मधे कोंबलेला. काचेबाहेर भोकरदन रस्त्यावरचं धुकं, आणि खालून मात्र सुखाची ऊब. शेकोटीजवळ बसल्यासारखी. ही ऊब येते कुठून, असं मी विचारलं, तेव्हा गाडी चालवणाऱ्या मामानं चहासाठी थांबल्यावर पुढची सीट उचलून दाखवली. खाली इंजिन होतं! मोटारीचं इंजिन तिच्या नाकात असतं, एवढंच तोवर मला ठाऊक होतं.

त्या एका दर्शनानं मला मोटारींचं वेड लागलं. पुढं वाचत गेलो, तेव्हा एक योगायोग सापडला. मारुतीची व्हॅन आली १९८४ साली. आपला जालना जिल्हा तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता. त्याच वर्षी जपानमध्ये टोयोटानं एमआर-२ नावाची छोटी, दोन माणसांची मोटार विकायला काढली. तिच्यात इंजिन सीटच्या पाठीमागं, मागच्या चाकांच्या पुढं आडवं बसवलेलं होतं. गाडीच्या मध्याजवळ इंजिन असलेल्या अशा गाडीला मिड-इंजिन गाडी म्हणतात.

मधे इंजिन ठेवून मिळतं काय? खांद्यावर कावड घेऊन एकदम वळून बघा. दोन्ही टोकांची भांडी आपल्यालाच ओढून नेतात, आणि वळणं संपलं तरी झोके थांबत नाहीत. तेच पाणी घागरीत घेऊन घागर कमरेशी धरा, गर्रकन वळता येतं. वजन तेवढंच, पण अंगाजवळ. मिड-इंजिन गाडी वळणावर चपळ असते ती याच कारणानं.

एमआर-२ ची गोष्ट मला फार आवडते, कारण ती शर्यतीच्या हव्यासातून जन्मली नाही. १९७६ साली टोयोटानं काम हाती घेतलं ते चालवायला मजा येईल आणि पेट्रोलही कमी पिईल अशा गाडीचं. तेलसंकटाचे चटके ताजे होते. १९७९ मध्ये अकिओ योशिदा या अभियंत्यानं इंजिन कुठं बसवावं याचे पर्याय तपासायला घेतले आणि शेवटी ते मधे आलं. खर्चाचा प्रश्नही सुंदर सुटला. कोरोलासारख्या घरगुती गाडीचे बरेच भाग तिला लावले, १.६ लिटरचं इंजिनही नेहमीच्या मोटारींत चालणारंच. तोवर मिड-इंजिन गाडी म्हटली की बहुधा इटलीची आणि श्रीमंतांची. योशिदांनी ती नोकरदाराच्या जवळ आणली. एमआर-२ तीन पिढ्या टिकली, २००७ पर्यंत. मधल्या काळात, १९९० साली, होंडानं ॲल्युमिनियमच्या अंगाची एनएसएक्स काढली. तिचा दिमाख मोठा, पण माझं मन एमआर-२ मध्येच अडकलेलं.

आणि त्याहून जास्त एका चिमुकल्या गाडीत. १९९२ ची एझेड-१. बांधली माझदानं. दरवाजे पाखराच्या पंखांसारखे वर उघडणारे, बाहेरची कातडी प्लास्टिकची, सारा भार आतल्या पोलादी सांगाड्यावर. सीटच्या पाठीमागं इंजिन होतं ते सुझुकीचं, तीन सिलिंडरचं, ६५७ सीसीचं, टर्बो लावून ६४ अश्वशक्ती देणारं. आपल्या व्हॅनचं ७९६ सीसीचं इंजिनही सुझुकीचं, तीन सिलिंडरचं, आणि दोन्ही एकाच एफ मालिकेतली. म्हणजे राजूरच्या वाटेवर मला ऊब देणारं इंजिन या गाडीच्या इंजिनाचं थेट भावकीतलं! हे कळलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

एझेड-१ साडेचार हजारही बनल्या नाहीत. व्हॅन मात्र ३५ वर्षं बनत राहिली. तिचंही इंजिन नाकात नव्हतं आणि इंजिनाच्या जोरावर फिरायची ती मागची चाकं. पण ते सीटखाली सरकवलं होतं वळणासाठी नव्हे, जागेसाठी. पुढचं नाक गेलं, तेवढी जागा माणसांना मिळाली. त्या जागेत अंबड-परतूरकडची मोसंबी बाजारात आली, शाळेतली पोरं आली, अडलेल्या बाळंतिणी रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचल्या. त्याच रचनेनं तिचा शेवटही केला. चालकाच्या गुडघ्यांपुढं पत्र्याशिवाय फारसं काही नव्हतं. अपघातात माणूस वाचावा म्हणून सरकारनं नवे नियम आणले आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. नियम योग्यच होते, असं मी तिच्यावर इतका जीव असूनही म्हणतो.

आपल्या जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांना भंगार लागतं. ते वितळवून त्याच्या सळया होतात आणि घरांच्या स्लॅबमध्ये जातात. परवा तिकडून येताना भंगाराच्या वाड्यात एका पांढऱ्या व्हॅनचा सांगाडा दिसला. सीटा काढलेल्या, आणि इंजिनाच्या जागी मोकळा खड्डा. त्यातून खालची माती दिसत होती. मालकाला विचारून मी जवळ गेलो आणि बाजूचा दरवाजा ओढून पाहिला. तो अजून सरकत होता.