पोलीस ठाण्यासमोरचा मका



इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात टॉडमॉर्डन नावाचं एक गाव आहे. वस्ती 15 हजारांच्या आसपास. एके काळी कापडगिरण्यांवर जगलेलं हे गाव. इथल्या पोलीस ठाण्यासमोर मका लावलेला आहे, आणि त्याची कणसं कुणीही तोडून न्यावीत. रेल्वे स्टेशनावरच्या वाफ्यांत स्वयंपाकाला लागणारा हिरवा पाला, कालव्याच्या काठाने भाज्या. अगदी दफनभूमीसुद्धा सुटलेली नाही.

2008 साली पॅम वॉरहर्स्ट, मेरी क्लिअर आणि त्यांच्या सोबत्यांनी ही चळवळ सुरू केली. ‘इनक्रेडिबल एडिबल’ असं तिचं नाव. परवानगीसाठी अर्ज करत बसायचं नाही, सरकारी अनुदानाची वाट पाहायची नाही. पडीक तुकडा दिसला की रोपं लावायची, असा यांचा खाक्या. जो जेवतो तो आपला, मग वय, पगार, जातकुळी काहीही असो.

मला सगळ्यात भावली ती दवाखान्याची गोष्ट. गावात लोकांच्या करातून नवं आरोग्य केंद्र उभं राहिलं आणि त्याच्या भोवती लावली काय, तर काटेरी झुडपं! या मंडळींनी विचारलं, आजारी माणूस जिथे येतो तिथे खाण्याजोगं काही का नको? झुडपं गेली. त्यांच्या जागी फळझाडं, भाज्या, औषधी वनस्पती आल्या. आपला नंबर येईपर्यंत बाहेर थांबलेल्या माणसाच्या हाताशी आता बेरीची फांदी असते.

फुकट म्हटल्यावर लोक ओरबाडून नेतील, ही शंका तुमच्याही मनात आली असेल. पण जे न्यावं म्हणूनच लावलंय, त्याची चोरी व्हायची कशी?

एवढ्याशा वाफ्यांनी गावाचं पोट भरत नाही. तसा त्यांचा दावाही नाही. वॉरहर्स्ट या वाफ्यांना प्रचाराच्या बागा म्हणतात, आणि मला ते फार पटतं. येता-जाता कोबीचा गड्डा धरताना दिसला की माणूस थांबतो, शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी बोलतो. मग आपल्या ताटातलं कुठून येतं, हेही विचारू लागतो. अंड्यांचंच बघा. गावात कुणाकुणाकडे घरच्या कोंबड्यांची अंडी विकत मिळतात, याचा त्यांनी नकाशा काढला, आणि शेजारच्या परसातली अंडी लोक मागून घेऊ लागले. पुढे तिथल्या स्थानिक प्रशासनानेही आपल्या मोकळ्या जागांची यादी करून त्या लागवडीसाठी लोकांना खुल्या करायला घेतल्या.